दमा आहे आणि वजनही वाढलंय? मग या चुका टाळा

जिना चढून आलेले एक गृहस्थ खुर्चीत टेकले, खिशातून पंप काढला, दोन फवारे ओढले आणि पाच मिनिटांनी समाधानानं म्हणाले, "बघा, पंप घेतला की लगेच बरं वाटतं." श्वसनाच्या रुग्णांना व्यायाम आणि पंपाची पद्धत शिकवणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रसंग मला नवा नाही. तरी दर वेळी मनात तोच प्रश्न येतो: बरं पंपानं वाटलं, की खुर्चीनं?

प्रश्न खवचट वाटेल, पण पुढचे सगळे उपचार त्याच्या उत्तरावर ठरतात. दमा आणि जास्तीचं वजन एकत्र आलं की धाप एकाच ठिकाणाहून येत नाही. थोडी आकसलेल्या श्वासनलिकांमुळे, थोडी पोटाच्या घेरामुळे वर ढकललेल्या श्वासपटलामुळे (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यामुळे), थोडी सवय मोडलेल्या स्नायूंमुळे. कधी घशाशी येणारं आम्ल, कधी झोपेत अडणारा श्वासही त्यात हात धुऊन घेतो. आणि आपण मात्र सगळी धाप एकाच खात्यावर मांडतो. काही जण ती दम्याच्या नावावर लिहितात आणि पंपावर पंप ओढतात. काही जण वजनाच्या नावावर लिहितात आणि पंप कपाटात ठेवून देतात. नुकसान दोघांचंही होतं.

दम लागला की तो दमाच, असं धरून चालणं

साधा श्वास सोडून झाल्यावरही छातीत बरीच हवा शिल्लक राहते. त्या हवेनं फुगलेलं फुप्फुस बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवतं, तंबूचे दोर कापडाला ताणून धरतात तसं. पोटावर आणि छातीवर चरबी वाढली की ही शिल्लक हवा कमी होते, दोर ढिले पडतात आणि नळ्या मुळातच अरुंद राहतात. हे फार जाड माणसातच घडतं असंही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) ३० असलेल्यांची या शिल्लक हवेतली राखीव हवा, म्हणजे साधा श्वास सोडल्यावर जोर लावून आणखी बाहेर टाकता येणारी हवा, बीएमआय २० असलेल्यांच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरली होती. वजनामुळे लागणारी धाप खरी असते, तो मनाचा खेळ नव्हे. फक्त ती दम्याची असेलच असं नाही.

फरक ओळखायची पक्की जागा म्हणजे स्पायरोमेट्री, यंत्रात जोरानं फुंकून केली जाणारी तपासणी. नुसत्या वजनाचा परिणाम असेल तर एकूण फुंकलेली हवा आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा दोन्ही थोडी कमी येतात, त्यांचं गुणोत्तर मात्र शाबूत राहतं. दम्यात नळ्या अरुंद झालेल्या असताना पहिल्या सेकंदाची हवा जास्त घसरते, गुणोत्तर पडतं, आणि नळ्या उघडणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं की आकडा वर येतो. ही वाढ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर असेल तर प्रौढांमध्ये ती दम्याच्या बाजूनं महत्त्वाची खूण मानतात. एकदा तपासणी ठीक आली म्हणून दमा नाहीच, असंही नाही. दम्याची तऱ्हाच अशी की आज नळ्या मोकळ्या, परवा बंद.

कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या प्रौढांची औषधं हळूहळू कमी करून त्यांना पुन्हा नीट तपासलं. जवळपास तीनांतल्या एकात दम्याचा पुरावा सापडला नाही. जाड आणि जाड नसलेल्या दोन्ही गटांत प्रमाण साधारण सारखंच होतं, म्हणजे ही गफलत फक्त वजनदार लोकांच्या बाबतीत होते असंही नव्हे. हे वाचून स्वतःची औषधं स्वतः बंद करू नका. तिथे प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत होती.

घरच्या घरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. जिना चढून लागलेली साधी धाप बसल्यावर काही मिनिटांत उतरणीला लागते. व्यायामामुळे उठणारा दमा बहुतेकदा उलटा वागतो: श्रम थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत तो जोर धरतो आणि पूर्ण शमायला अर्धा ते एक तास लागू शकतो. सोबत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, खोकल्याची उबळ, रात्री-पहाटे जाग येणं, धूळ-धूर-सर्दीनं वाढणं या दम्याच्या खुणा. पीक फ्लो मीटर नावाचं छोटं फुंकणी यंत्र घरी असेल, तर धाप सौम्य असताना पंपाआधी एकदा फुंका आणि आकडा लिहून ठेवा. वजन सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. आकडा मात्र दिवसभरात मोठे हेलकावे खात असेल तर गुन्हेगार श्वासनलिकाच आहेत.

हे सगळे प्रयोग सौम्य धापेसाठी. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसताहेत, पंप घेऊनही उतार नाही, माणूस गुंगल्यासारखा झालाय, तर फुंकण्या-लिहिण्यात वेळ घालवू नका. दिलेल्या सूचनेप्रमाणे पंप चालू ठेवा आणि थेट तातडीचे उपचार गाठा. आडवं झाल्यावर वाढणारी धाप आणि पायांना सूज हृदयाकडे बोट दाखवते. अचानक लागलेली धाप आणि एकाच पायाला दुखरी सूज असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी लागते. त्या वेळी ना दमा, ना वजन, आधी डॉक्टर.

"आधी वजन उतरवा, मग बघू"

हे वाक्य रुग्ण स्वतःला सांगतात तसं कधीकधी तपासणाऱ्याकडूनही ऐकून येतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दोन वर्षं पहाटे तीनच्या सुमाराला खोकून उठायच्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं गेलं, फुंकायला कुणी लावलं नाही. शेवटी फुंकल्या तेव्हा औषधाआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत एवढं अंतर होतं की वेगळं काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

वजन जास्त असलेल्यांना दमा होण्याची शक्यता खरोखर जास्त असते. तीन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचा एकत्रित आढावा २००७ साली आला, त्यात वजन जास्त असलेल्यांमध्ये नव्यानं दमा होण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली. म्हणून वजन दिसलं की दम्याची शंका वाढायला हवी. प्रत्यक्षात ती कमी होते, याचा मला राग येतो. शिवाय औषधाविना आवाक्यात नसलेल्या दम्यात माणूस चालेल कसा आणि वजन उतरवेल कसं?

चरबीला नुसतं ओझं समजणं

"मी काय दहा किलोची पिशवी उचलून फिरतोय, एवढंच ना?" एवढंच नाही. चरबीचा थर स्वस्थ बसत नाही, तो रक्तात रसायनं सोडत असतो. वजन वाढतं तसं दाहाला खतपाणी घालणारं लेप्टिन वाढतं, दाह शमवणारं अडिपोनेक्टिन घटतं. फुगलेल्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या पेशी जमतात आणि इंटरल्यूकिन-६सारखे दाह पेटते ठेवणारे पदार्थ तयार होतात. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी यात जास्त उद्योगी असते. म्हणून काट्याबरोबर कंबरेचा घेरही मोजावा.

इथे एक गुंता आहे आणि तो माहीत असला की उपचाराचा अर्थ लागतो. जाड माणसाचा दमा एकाच जातीचा नसतो. ढोबळपणे दोन प्रकार दिसतात. पहिला लहानपणापासूनचा, ॲलर्जीचा. त्यावर पुढे वजन चढतं आणि तो आणखी हट्टी होतो. दुसरा प्रौढपणी, बहुतेकदा स्त्रियांमध्ये, वजन वाढल्यानंतर सुरू होतो. त्यात ॲलर्जीच्या खुणा कमी आणि कफात इओसिनोफिल (ॲलर्जीच्या दाहात वाढणाऱ्या) पेशीही फारशा सापडत नाहीत. इनहेलरमधलं स्टिरॉइड इओसिनोफिलवाल्या दाहावर उत्तम चालतं. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात तेच औषध अर्धवट लागू पडल्यासारखं वाटतं आणि रुग्णाला वाटतं, औषधच भेसळीचं.

श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजून नळ्यांतली सूज अजमावण्याची तपासणी हल्ली बऱ्याच ठिकाणी होते. लठ्ठपणात हा आकडा अपेक्षेपेक्षा खाली राहू शकतो. "आकडा कमी, म्हणजे सूज नाही" असा निष्कर्ष वजनदार रुग्णाबाबत घाईचा ठरतो.

स्टिरॉइडनं जाड होईन म्हणून रोजचा पंप सोडणं

माझ्या पाहण्यातली सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. नाव एक असलं तरी पंपातलं स्टिरॉइड आणि गोळीतलं स्टिरॉइड यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टिरॉइडच्या एका फवाऱ्यात, समजा, २०० मायक्रोग्रॅम औषध आहे. अटॅकच्या वेळी प्रौढाला दिली जाणारी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांची रोजची मात्रा ४० मिलिग्रॅम असू शकते, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशोब सरळ भागाकाराचा नव्हे. पण पंपातलं औषध नळ्यांवरच काम करतं, गिळलं गेलेलं बरंचसं यकृतात मोडतं, आणि नेहमीच्या डोसात वजन वाढवण्याइतकं ते अंगात पोहोचत नाही.

आता उलटा हिशोब बघा. पंप सोडला, दमा उसळला, गोळ्यांचा कोर्स करावा लागला. वर्षात असे तीन-चार कोर्स झाले की भूक वाढते, साखर चढते, चरबी साठते. म्हणजे ज्या भीतीपोटी पंप सोडला, तीच गोष्ट पंप सोडल्यानं दारात येते. पंपामुळे तोंडात पांढरा थर येणं, आवाज बसणं हे खरे त्रास आहेत. त्यावर चूळ भरून थुंकणं आणि फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावणं हा साधा उपाय आहे.

नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढणं हीसुद्धा याच चुकीची बहीण. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेचं आद्याक्षरी नाव 'जिना' आहे (दम लागलेल्या माणसाला हे नाव ऐकून काय वाटत असेल ते सोडा). तिनं २०१९पासून स्पष्ट केलंय की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या सॅल्ब्युटामॉलसारख्या पंपावर राहू नये, उपचारात स्टिरॉइड असलेला पंप हवाच.

फरक पडेना, मग डोस वाढवा

डोस वाढवण्याआधी पंप नीट घेतला जातोय का ते बघायला हवं. माझ्यासमोर पंप घेऊन दाखवा म्हटलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा तिथेच होतो. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग आत ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबून सावकाश ओढत राहायचं आणि दहा सेकंद रोखायचं. भुकटीच्या पंपाला मात्र हळू ओढून चालत नाही, जोरात आणि खोल ओढावं लागतं. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत ते हमखास उलट करतात.

पद्धत बरोबर असेल तर आजूबाजूला नजर टाका. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणं आहेत. वाढत्या वजनाबरोबर हा त्रास वाढतो आणि दम्याची रात्र आणखी बिघडवतो. त्याची तपासणी वेगळी, उपचारही वेगळा; पंपाचे फवारे वाढवून तो जाणार नाही. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर असतील तर आम्लावर उपचार करावा. जळजळ नसताना केवळ दमा सुधारेल या आशेवर आम्लाच्या गोळ्या घेण्यात मात्र हशील नाही. २००९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांच्या दम्यावर त्यांचा उपयोग दिसला नव्हता.

वजनाबरोबर रक्तदाब येतो, त्याच्याबरोबर गोळ्या येतात. बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांनी काहींचा दमा बिघडतो, अगदी काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांनीसुद्धा. 'प्रिल'नं नाव संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो दम्याच्या खात्यावर जमा होतो. कुठलीही गोळी स्वतःहून थांबवू नका, पण सगळ्या औषधांची यादी छातीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. थेंबांची बाटली या यादीतून नेहमी सुटते.

धाप लागते म्हणून हालचालच बंद करणं

हा माझा विषय, म्हणून इथे जरा रेंगाळते.

धापेची भीती बसली की माणूस बसतो. बसला की स्नायू ढिले पडतात, तेच काम करायला जास्त श्वास लागतो, धाप लवकर लागते, भीती पक्की होते. यात फुप्फुसांचा दोष थोडा, पायांचा जास्त. मी नव्या रुग्णाला पहिल्या आठवड्यात घाम काढायला सांगतच नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढीच गती. दोन मिनिटं चाला, एक मिनिट रेंगाळा, पुन्हा दोन मिनिटं. हे तुकडे जोडून वीस मिनिटं भरली तरी चालतात. थांबत-थांबत केलेला व्यायाम दम्याच्या माणसाला सलग धावण्यापेक्षा सोसतो.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं अंग सैल करून घ्या. यातून बऱ्याच जणांच्या नळ्या नंतरच्या श्रमाला कमी चिडतात. व्यायामाआधी पंप घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तो आठवणीनं घ्या. गार, कोरड्या हवेत नाका-तोंडावर कापड असू द्या. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायामही हवेत: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून हातांचे जोर. बूट घालायला वाकल्यावर दम लागतो ही तक्रार फार ऐकते. त्यात पोट श्वासपटलाला वर दाबतं, म्हणून पाय स्टुलावर घेऊन बूट घाला आणि कंबरेचा पट्टा एक भोक सैल करा. मात्र वजन बदललेलं नसताना हा त्रास नव्यानं सुरू झाला असेल तर हृदय तपासून घ्यावं.

ब्राझीलमध्ये २०१७ साली दमा असलेल्या लठ्ठ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना वजन उतरवण्याचा कार्यक्रम होता. एका गटाला त्याच्या जोडीला खरा व्यायाम, दुसऱ्याला श्वसनाचे आणि ताण देण्याचे हलके प्रकार. तीन महिन्यांत पहिल्या गटाचं वजन सरासरी ६.८ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ३.१ टक्के, आणि दमाही पहिल्या गटाचा जास्त आटोक्यात आला. दीर्घ श्वसन चांगलंच आहे, मीही शिकवते. पण तेवढ्यावर भागवायला बघणाऱ्यांना हे आकडे मी मुद्दाम ऐकवते.

वजनाचं उद्दिष्ट चुकवणं

दोन टोकं दिसतात. एक म्हणजे "तीस किलो उतरवायचेत, ते काही जमणार नाही" म्हणून सुरुवातच न करणं. दुसरं, दोन किलो कमी झाले आणि दमा जागेवरच, म्हणून सोडून देणं. ऑस्ट्रेलियातल्या २०१३च्या एका अभ्यासात ५ ते १० टक्के वजन उतरवलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांचा दमा जास्त आटोक्यात आला. दुसरीकडे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सरासरी चार किलोंच्या घटीनं दम्यात ठळक फरक दिसला नाही. १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांत मात्र दिसला. ९० किलोच्या माणसासाठी पहिला पल्ला साडेचार किलोंचा, खरा पल्ला नऊ किलोंचा. तीस किलोंचा डोंगर बघायची गरज नाही.

कडक उपास हा त्याचा मार्ग नव्हे. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अतिशय कमी उष्मांकांच्या आहारानं वजन १४ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि फुप्फुसांचे आकडेही सुधारले, पण तो आठ आठवड्यांचा आहार देखरेखीखाली, ठरवून दिलेल्या पोषणासह होता. घरी एक वेळ जेवून केलेल्या प्रकारात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि धाप आवरायला तर आपल्याला तेच हवे आहेत.

खाण्याचा परिणाम वजनावाटेच होतो असंही नाही. २०११च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दम्याच्या रुग्णांना एकदाच भरपूर चरबीचं जेवण दिलं, तर चार तासांत कफातल्या दाहपेशी वाढल्या आणि नळ्या उघडणाऱ्या औषधाला प्रतिसाद कमी मिळाला. रात्री उशिरा जड, तेलकट जेवून झोपणाऱ्यांनी आपली पहाटेची घरघर एकदा या नजरेनं तपासावी.

वजन उतरायला लागलं की पंप सोडायची घाई होते. दमा साधारण तीन महिने शांत राहिला की डॉक्टर एकेक पायरी खाली आणतात, तोपर्यंत थांबा. शस्त्रक्रियेनं खूप वजन उतरवलेल्यांच्या नळ्यांचा चिडकेपणा कमी झाल्याचं दिसलंय, पण तो मुख्यतः प्रौढपणी सुरू झालेल्या, ॲलर्जी नसलेल्या दम्यात. लहानपणापासूनचा ॲलर्जीचा दमा असेल तर धाप हलकी होईल, तरी औषधाची साथ सुटेलच असं समजू नये.

मुलांबाबत थोडंच सांगते. वाढत्या वयातल्या जाड मुलांची फुप्फुसं कधीकधी त्यांच्या नळ्यांच्या मानानं मोठी होतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वाट अरुंद पडते. मुलांना उपाशी ठेवू नका. उंची वाढत असताना वजन आहे तिथे रोखणं हेही अनेकदा पुरेसं असतं. आणि दमा आहे म्हणून खेळातून बाहेर बसवू नका.

त्या जिन्यावरच्या गृहस्थांना मी एक वही दिली. धाप कधी लागली, काय करत होते, आवाज होता का, पीक फ्लो किती, बसून किती वेळात उतरली, पंप घेतला का. महिन्याभरानं वही उघडली तर अकरा नोंदी होत्या. आठ वेळा पंपाआधीचा आकडा नेहमीचाच होता आणि चार-पाच मिनिटांत खुर्चीवरच सगळं शांत झालं होतं. उरलेल्या तीन नोंदी पहाटेच्या होत्या, घरघरीच्या, आकडा चांगलाच घसरलेला. डॉक्टरांनी त्या तिन्हींखाली रेघ मारली आणि सकाळ-संध्याकाळचा पंप ते खरोखर घेतात का, हे विचारलं. ते घेत नव्हते.